ड्राइव्ह बंद पडला, सीडी शाबूत आहे



कोकणातल्या एका भगिनीचे चार पानी पत्र या महिन्यात आमच्या हाती आले. नाव-गाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून ते देत नाही. पण त्यांचा प्रश्न पुष्कळ घरांचा आहे, त्यामुळे या वेळची सगळी जागा त्यालाच देत आहोत.

त्यांचे मरहूम सासरे 2006 साली हजला निघाले, तेव्हा घरी जमलेल्या माणसांसमोर ते दहा-पंधरा मिनिटे बोलले. कुणाचे देणे राहिले असेल तर सांगा म्हणाले, सर्वांची माफी मागितली, आणि कुवेतला असलेल्या दोन्ही मुलांची नावे घेऊन दुआ केली. गावातल्या व्हिडिओवाल्याने ते सगळे टिपले. त्याची एक सीडी कुवेतला गेली, एक घरात राहिली. कुवेतची प्रत घरे बदलताना कुठेतरी हरवली. आज सासरे नाहीत आणि त्यांचा आवाज त्या एकाच सीडीवर आहे. ती लावायला घरात यंत्रही एकच, बरीच वर्षे वापरलेला लॅपटॉप. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी दादी ती लावायला सांगतात.

या वर्षी रमजानच्या आधी लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकट आली. डीव्हीडी ड्राइव्हसाठी महत्त्वाचे अपडेट आहे, आता करायचे का? दहावीतल्या नातवाने ‘होय’ दाबले. पट्टी शंभरपर्यंत गेली, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि त्यानंतर ड्राइव्ह दिसेनासा झाला. बटण दाबले तरी ट्रे बाहेर येत नाही, आणि सीडी आतच आहे. दुकानदार म्हणतो, हा आता गेला. कंपनीच्या फोनवर उत्तर मिळाले की वॉरंटी संपली आहे. दादी म्हणतात, पोराने माझ्या माणसाचा आवाज घालवला. दोन महिने झाले, त्या नातवाशी धड बोलत नाहीत.

भगिनी विचारतात, सीडी वाचेल का? आणि चूक कुणाची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे दादींच्या जिवाला थोडा आराम पडेल. या बिघाडाने सीडीवरचे काहीही पुसले गेलेले नाही. ड्राइव्ह सीडी वाचतो ते उजेडाच्या साह्याने. लेझरचा बारीक किरण सीडीवर पडतो, परत येतो, आणि त्या परतलेल्या उजेडातल्या फरकावरून चित्र आणि आवाज तयार होतो. वाचणारा आंधळा झाला म्हणून किताबातली अक्षरे पुसली जात नाहीत. बंद पडलेला ड्राइव्ह आणि आतली सीडी यांचे नाते तेवढेच आहे. सीडी सुखरूप बाहेर काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, की मरहूम सासऱ्यांचा आवाज इन्शाअल्लाह पुन्हा ऐकू येईल.

आता हे झाले कसे, ते समजून घेऊ. ते समजले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते.

लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह म्हणजे नुसता सरकता ट्रे नव्हे. त्यात सीडी फिरवणारी मोटर असते, लेझर आणि भिंग असते, आणि या सगळ्यांना हुकूम देणारी एक चिप असते. मोटर किती वेगाने फिरवायची, भिंग किती सरकवायचे, लॅपटॉपने नाव विचारले तर काय सांगायचे, हे सगळे त्या चिपच्या आठवणीत लिहून ठेवलेले असते. या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. लॅपटॉपमधल्या विंडोजशी त्याचा थेट संबंध नाही. विंडोज पुसून नव्याने टाकले तरी ड्राइव्हचे फर्मवेअर जसेच्या तसे राहते.

कंपनीला पुढे त्या लिखाणात काही दोष सापडला, तर ती सुधारलेली प्रत पाठवते. ते फर्मवेअर अपडेट. इथेच धोका आहे. साध्या ड्राइव्हमध्ये नवे लिहिण्यासाठी जुने आधी पुसावे लागते. वर्गात फळा पुसला, नवा धडा लिहायला खडू उचलला आणि तेवढ्यात वीज गेली, तर फळ्यावर जुनाही धडा नाही आणि नवाही नाही. ड्राइव्हचे तसेच होते. मध्येच वीज गेली, बॅटरी संपली, किंवा आलेली प्रत दुसऱ्याच मॉडेलची निघाली, तर ड्राइव्हला स्वतःचे नावही आठवत नाही. लॅपटॉप विचारतो, तिथे कोण आहे? आतून उत्तर येत नाही. मग लॅपटॉप समजतो, तिथे कोणीच नाही. मोटर चांगली, लेझर चांगला, तरीही ड्राइव्ह मेल्यासारखा.

यात आणखी एक गुंता आहे. लॅपटॉपच्या झाकणावर एका कंपनीचे नाव असते, आतला ड्राइव्ह बहुधा दुसऱ्याच कंपनीचा असतो. ड्राइव्ह तयार करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच होत्या, आणि लॅपटॉपवाले त्यांच्याकडून घेऊन आत बसवत. एकाच ड्राइव्हचे फर्मवेअर वेगवेगळ्या लॅपटॉपवाल्यांसाठी थोडे वेगळेही असे. म्हणून बिघाड झाला की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे.

असे खरेच घडते का, असे कुणाला वाटेल. घडलेले आहे, आणि तेही मोठ्या कंपन्यांच्या हातून.

2003 सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. फ्रान्समधल्या मँड्रेकसॉफ्ट कंपनीने मँड्रेक लिनक्सची 9.2 ही आवृत्ती काढली. विंडोज जसे संगणक चालवते, तसेच लिनक्सही चालवते. लोकांनी ते आपल्या संगणकात टाकायला घेतले आणि काही जणांचे सीडी ड्राइव्ह कायमचे गप्प झाले. चौकशी केली तेव्हा दिसले की गप्प झालेले हे ड्राइव्ह दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीचे आहेत. आधी सगळ्यांना वाटले, लिनक्सवाल्यांनी काहीतरी भलतेच केले.

तपास झाल्यावर निराळेच निघाले. संगणक आणि ड्राइव्ह एकमेकांशी ठरलेल्या आकड्यांत बोलतात. प्रत्येक आकड्याचा अर्थ साऱ्या जगात एकच असावा, असा करार आहे. त्यातल्या एका आकड्याचा अर्थ असा, की तुझ्याजवळ लिहायचे काही उरले असेल तर आताच लिहून टाक. हा हुकूम सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हसाठी असतो. समोरचा ड्राइव्ह लिहिणारा आहे की फक्त वाचणारा, हे ओळखण्यासाठी मँड्रेकचे लिनक्स तो हुकूम पाठवून पाहत होते. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हने एवढेच उत्तर द्यायचे, की हा हुकूम मला लागू नाही. पण एलजीने आपल्या काही वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये तोच आकडा भलत्याच कामाला लावला होता. त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता, नवे फर्मवेअर घ्यायला सुरुवात कर.

शाळेतले उदाहरण घ्या. सगळ्या शाळांत शिपायाने एक टोला दिला की तास संपतो. एका शाळेत मात्र मुलांना शिकवून ठेवले की एक टोला पडला म्हणजे वह्या कोऱ्या करायच्या. त्या शाळेत बदलून आलेल्या नव्या शिपायाने नेहमीसारखा टोला दिला, आणि वर्षभराचा अभ्यास पुसला गेला. टोला देणाऱ्याने काही वावगे केले नव्हते. मुलांनीही शिकवलेलेच केले. दोष होता तो टोल्याचा अर्थ परस्पर बदलून ठेवणाऱ्याचा.

सुरुवातीला एलजीचे म्हणणे असे होते, की आपले ड्राइव्ह लिनक्ससाठी नाहीत आणि त्यावर तपासलेलेही नाहीत. पण लोक गप्प बसले नाहीत. कुठल्या मॉडेलचा ड्राइव्ह गेला, काय करताना गेला, हे त्यांनी एकमेकांना कळवले. पुढे मँड्रेकने तो हुकूम काढून टाकलेली प्रत दिली, आणि एलजीनेही दुरुस्त फर्मवेअर आणि बंद पडलेले ड्राइव्ह पुन्हा चालू करण्याची रीत दिली.

ही हकिगत आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली, ती त्या नातवासाठी. ज्यांचे ड्राइव्ह गेले त्यांनी पडद्यावर जे सांगितले तेच केले होते. या मुलानेही तेच केले. लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्याच प्रोग्रॅमने विचारले, ‘महत्त्वाचे’ असा शब्द लिहिला, आणि धोक्याचा एक शब्दही मोठ्या अक्षरांत लिहिला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने ‘होय’ म्हटले. घरातल्या कोणाही मोठ्या माणसाने तेच केले असते.

बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या मुलांना मकतबात शिकवतात. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. दुकानदाराने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्याला विचारले गेले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? विकणाऱ्याने दोष आणि धोका वर ठेवायचा असतो. अपडेट पाठवणाऱ्या कंपनीलाही हेच लागू आहे, असे आम्हाला वाटते. चौदा ओळींखाली बारीक अक्षरांत सावधगिरी लिहिणे म्हणजे ओले धान्य तळाशी ठेवणेच आहे.

म्हणून दादींना आमची हात जोडून विनंती आहे. आपले दुःख खरे आहे. पण तहकीक न करता आरोप ठेवणे आपल्या दीनला मान्य नाही, मग तो आरोप परक्यावर असो की स्वतःच्या नातवावर. ज्या माणसाने घर सोडताना सर्वांची माफी मागितली, त्याच्याच आवाजावरून घरात अबोला राहावा, हे त्या मरहूमना आवडले नसते. त्या मुलाला जवळ बोलवा. सीडी बाहेर काढायचे काम त्याच्याच हाताने होऊ द्या.

आता ते काम.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जरची वायर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. पॉवरचे बटण वीसेक सेकंद दाबून धरा. मग सगळे जोडून पुन्हा चालू करा. कधीकधी एवढ्यानेच ड्राइव्ह जागा होतो.

नाही झाला, तर लॅपटॉप चालू होत असतानाच एफ 2, एफ 10 किंवा एस्केप दाबून बायोसचा पडदा उघडा. कोणते बटण ते लॅपटॉपप्रमाणे बदलते. तिथे ड्राइव्हचे नाव दिसले तर फर्मवेअर जिवंत आहे आणि गडबड विंडोजमध्ये आहे. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्हची नोंद काढून टाकायची आणि लॅपटॉप पुन्हा चालू करायचा. विंडोज ती नोंद स्वतःच नव्याने करते. तरीही दिसला नाही तर रजिस्ट्रीतल्या अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदी तपासाव्या लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

बायोसमध्येही नाव नसेल तर दुकानदाराचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. तरी घाबरायचे नाही. ट्रेच्या पुढच्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र असते. ते अशाच वेळेसाठी आहे. लॅपटॉप बंद करून, कागदाला लावायची क्लिप सरळ करायची आणि त्या छिद्रात सरळ, हलक्या हाताने दाबायची. ट्रे थोडा पुढे येतो, मग बोटांनी ओढून घ्यायचा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचे नाही. काही लॅपटॉपना ट्रेऐवजी नुसती फट असते, त्यांना हे छिद्र नसते. असा ड्राइव्ह खोलायला कारागीरच हवा.

दुसऱ्या मॉडेलचे फर्मवेअर कुठून तरी उतरवून टाकून पाहू नका. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह बाजारात मिळतो. तो कुठल्याही लॅपटॉपला चालतो आणि चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो. आतलाच बदलायचा असेल, तर जाडी पाहून घ्या. लॅपटॉपचे ड्राइव्ह साधारण 12.7 मिलिमीटर किंवा 9.5 मिलिमीटर जाडीचे असतात, आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये एका स्क्रूवर बसवलेले असतात.

सीडी लागली, आवाज आला, डोळे पाणावले, की लगेच ती परत पाकिटात ठेवू नका. खरे काम तिथून सुरू होते. ड्राइव्ह बाजारातून आणता येतो, दादांचा आवाज आणता येत नाही. आणि सीडीही म्हातारी होते. व्हिडिओवाल्याने घरच्या घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो. त्यातच सगळे चित्र-आवाज असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो बिघडतो. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे सीडीचे काय सांगावे! पुष्कळांना वाटते चकचकीत बाजूच जपायची. खरे तर सीडीतला हा थर नाव लिहायच्या बाजूला, अगदी वरच्या पापुद्र्याखाली असतो. म्हणून त्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, चिकटवलेला कागद ओरबाडून काढू नये. पुसायची झाली तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही.

त्या काळच्या व्हिडिओ सीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डॅट नावाची फाइल. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली असतात. त्या सगळ्या लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. व्हीएलसी या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या चालतात. सीडीत साधारण 700 एमबी आणि डीव्हीडीत 4.7 जीबी मावते, म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हवर घरातल्या कितीतरी सीडी बसतील. उतरवून झाल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पाहा. शेवटची दोन मिनिटे आली नाहीत, हे पाच वर्षांनी कळून उपयोग नाही.

प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपमध्ये, एक पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात घरांच्या तळमजल्यांवरचे सगळे पाण्यात गेले. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती तिथे एकाच प्रतीसारख्या असतात. उंट बांधून मग तवक्कुल करायचे, ही शिकवण इथेही लागू आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या बहिणींसाठी. ही कामे दुकानात देताना विचार करा. निकाहच्या, मेंदीच्या सीडीत घरातल्या बायका-मुलींची चित्रे असतात. दुकानदार भला असेलही, पण उतरवलेली फाइल त्याच्या संगणकात राहते आणि तो संगणक दहा जण वापरतात. घरातल्या मुलीला किंवा मुलाला हे काम शिकवा. एका दुपारीत येते.

मग अपडेट करायचेच नाही का, असे कुणी विचारेल. तसे नाही. विंडोजचे सुरक्षेचे अपडेट घेतलेच पाहिजेत, नाहीतर चोराला दार उघडे. पण ड्राइव्हसारख्या एखाद्या भागाचे फर्मवेअर असेल, तर आधी वाचावे की ते कशासाठी आहे. आपल्याला तो त्रास होत असेल तरच घ्यावे. नीट चालत असेल तर चालत्या गाडीला खीळ घालू नये. घ्यायचेच ठरले तर चार्जर जोडलेला हवा, बॅटरी भरलेली हवी, ड्राइव्ह रिकामा हवा, आणि पट्टी पुरी होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. विजेचा भरवसा नसलेल्या दिवशी हे काम काढूच नये.

कंपनीलाही सोडू नये. वॉरंटी संपली हे खरे, पण बिघाड कंपनीने स्वतः पाठवलेल्या अपडेटनंतर झाला, हेही खरे. मॉडेलचा नंबर, अपडेटची तारीख, त्यानंतर काय झाले, हे सगळे लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडेही जाता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पैसे परत मिळोत न मिळोत, तक्रार लिहिलीच पाहिजे. एलजीच्या वेळी लोकांनी कळवले म्हणूनच इतरांचे ड्राइव्ह वाचले. आपल्या तक्रारीने दुसऱ्या कुणाच्या घरातला आवाज वाचत असेल, तर तेही सवाबाचेच काम आहे.

सर्व वाचकांना एक काम सांगतो. येत्या रविवारी कपाटे, ट्रंका आणि टीव्हीखालचे खण उघडा. निकाहच्या, हजच्या, बिस्मिल्लाहच्या समारंभाच्या जितक्या सीडी निघतील त्यांची एका वहीत यादी करा. कोणाचा समारंभ, कोणते साल, आत कोण कोण आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. ही नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच हे लिहून होईल.

अल्लाह आपल्या मरहूमांची मगफिरत करो आणि आपल्या घरांत सलोखा ठेवो. आमीन.